औषध बदलताना : अस्वस्थ पायांच्या विकारातील दुष्परिणामांचा आढावा

विकार आणि त्याचे उपचार : पूर्वपीठिका

अस्वस्थ पायांचा विकार, ज्याला वैद्यकात रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम किंवा विलिस-एकबॉम विकार म्हणतात, हा रक्ततपासणीतून किंवा क्ष-किरणांतून नव्हे, तर रुग्णाच्या सांगण्यातून ओळखला जाणारा विकार आहे. पाय हलवण्याची अनावर ओढ लागणे, ती बसल्या-झोपल्या वाढणे, चालले-फिरले की तेवढ्यापुरती शमणे, संध्याकाळी व रात्री तिचा जोर असणे, आणि पेटके, नसांचे विकार किंवा शिरांची सूज अशा दुसऱ्या कोणत्याही कारणाने तिचा उलगडा होत नसणे, या पाच कसोट्या निदानासाठी मान्य आहेत. इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी १६७२ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन करून ठेवले होते, तरी स्वतंत्र विकार म्हणून त्याची मांडणी झाली ती स्वीडनच्या कार्ल-आक्सेल एकबॉम यांच्या १९४५ च्या प्रबंधात. पाश्चात्त्य देशांत त्याचे प्रमाण प्रौढांमध्ये ५ ते १० टक्के सांगितले जाते. बंगळुरूच्या शहरी लोकसंख्येतील, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ते सुमारे २ टक्के निघाले, तर हिमालयातील उंचावरच्या वस्त्यांत ते बरेच अधिक असल्याचे ऋषिकेशच्या संशोधकांनी नंतर दाखवले. म्हैसूरसारख्या शहराचा विचार करताना बंगळुरूचा आकडा हाताशी धरला, तरी लाखाच्या वस्तीत दोन हजार माणसे होतात, आणि त्यांतील बरीच ‘पाय ओढतात’, ‘पोटऱ्यांत शिवशिवते’ असे सांगत कधी हाडांच्या, कधी मधुमेहाच्या, तर कधी मनोविकारांच्या डॉक्टरांकडे फिरत असतात.

या विकाराच्या औषधांचा इतिहास जेमतेम चार दशकांचा आहे. तुर्कस्तानचे शेवकेत अकपिनार यांनी १९८२ मध्ये लेव्होडोपा हे कंपवाताचे औषध या रुग्णांना लागू पडते असे दाखवले, आणि मेंदूतील डोपामिन या रासायनिक दूताशी विकाराचा संबंध असल्याची खूण पटली. पुढे डोपामिनचीच नक्कल करणारी औषधे, म्हणजे डोपामिन अ‍ॅगॉनिस्ट, वापरात आली. अमेरिकेत रोपिनिरोलला २००५ मध्ये आणि प्रामिपेक्सोलला २००६ मध्ये या विकारासाठी मान्यता मिळाली. पहिल्या काही आठवड्यांत त्यांचा गुण इतका स्पष्ट दिसे की, वर्षानुवर्षे न झोपलेली माणसे पहिल्याच रात्री झोपत, आणि म्हणून पुढची दहा-पंधरा वर्षे हीच औषधे पहिल्या पसंतीची राहिली.

लक्षणवृद्धी आणि मतपरिवर्तन

या औषधांची दुसरी बाजू मात्र आधीच नोंदली गेली होती. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे रिचर्ड अ‍ॅलन आणि ख्रिस्तोफर अर्ली यांनी १९९६ मध्ये लेव्होडोपा घेणाऱ्या रुग्णांत एक विचित्र प्रकार वर्णिला : औषधाने आजार शमण्याऐवजी हळूहळू फोफावतो. रात्री दहाला सुरू होणारी तगमग सहाला, मग दुपारी चारला सुरू होते. पायांपुरती असलेली ती हातांत, खांद्यांत शिरते. बसल्यावर अर्ध्या तासाने जाणवणारी ओढ पाचच मिनिटांत जाणवते. आणि गोळीचा असर पूर्वीपेक्षा कमी वेळ टिकतो. याला ऑगमेंटेशन म्हणतात. येथे त्यासाठी लक्षणवृद्धी हा शब्द वापरला आहे. लेव्होडोपावर ती निम्म्याहून अधिक रुग्णांत, तर अ‍ॅगॉनिस्ट औषधांवर दरवर्षी साधारण ७ ते ८ टक्के रुग्णांत उद्भवते असा अंदाज आहे. तिची खरी मेख अशी की, ती आजार बळावल्यासारखी दिसते, त्यामुळे मात्रा वाढवली जाते, वाढवल्यावर थोडे दिवस आराम पडतो, आणि तो आरामच पुढच्या बिघाडाची पायाभरणी करतो. जुगाराचे, खरेदीचे, खाण्याचे किंवा लैंगिक वर्तनाचे वेड लागणे, म्हणजे आवेगनियंत्रणातील बिघाड, हा याच औषधांचा दुसरा गंभीर दुष्परिणाम आहे आणि रुग्ण लाजेपोटी तो सहसा आपणहून सांगत नाहीत.

पर्याय म्हणून पुढे आले ते गॅबापेंटिन व प्रिगॅबालिन. हे दोन्ही अल्फा-टू-डेल्टा गटातले, मज्जातंतूंच्या टोकांशी असलेल्या कॅल्शियमच्या द्वारांवर काम करून अतिरिक्त उत्तेजन कमी करणारे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५२ आठवड्यांच्या तुलनात्मक चाचणीत लक्षणवृद्धीचे प्रमाण प्रिगॅबालिनवर २.१ टक्के, प्रामिपेक्सोलच्या पाव मिलिग्रॅमच्या मात्रेवर ५.३ टक्के आणि अर्ध्या मिलिग्रॅमच्या मात्रेवर ७.७ टक्के आढळले. पाव मिलिग्रॅमशी तुलना करता फरक संख्याशास्त्रीय निकषावर ठरला नाही, हे मात्र या आकड्यांचा हवाला देताना बहुधा वगळले जाते. २०२५ च्या आरंभी अमेरिकन निद्रावैद्यक अकादमीने नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन आणि लोहाची स्थिती पाहून शिरेतून द्यावयाचे फेरिक कार्बोक्सिमाल्टोज यांची ठाम शिफारस झाली, तर लेव्होडोपा, प्रामिपेक्सोल व रोपिनिरोल यांचा नेहमीचा वापर करू नये असे सशर्त मत नोंदवले गेले. भारतात झोपेसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या क्लोनाझेपामच्याही विरोधात तेथे सशर्त मत आहे.

बदल कोणाला करावा : तीन भूमिका

या तत्त्वांनंतर जगभर हजारो रुग्णांसमोर औषध बदलण्याचा प्रश्न आला, आणि त्यावर एकमत नाही. पहिली भूमिका अशी की, लक्षणवृद्धी ही आज ना उद्या होणारच आणि जितकी उशिरा ओळखावी तितके औषध काढणे अवघड. म्हणून ती दिसू लागताच, शक्य तर तिच्याआधीच, बदल करावा. दुसरी भूमिका म्हणते की, अल्प मात्रेवर अनेक वर्षे स्थिर असलेल्या, लक्षणे संध्याकाळीच असलेल्या आणि वर्तनात बिघाड नसलेल्या रुग्णाला केवळ मार्गदर्शिका बदलली म्हणून दोन महिन्यांच्या जागरणात लोटू नये. अकादमीच्या शिफारशीतही, दूरच्या दुष्परिणामांपेक्षा तात्काळ आरामाला अधिक मोल देणाऱ्या रुग्णाला मुभा ठेवलेलीच आहे. तिसरी भूमिका मधली आहे : मात्रा मान्य मर्यादेच्या आत, म्हणजे प्रामिपेक्सोलसाठी अर्धा आणि रोपिनिरोलसाठी चार मिलिग्रॅमच्या आत ठेवावी, दर भेटीत लक्षणे सुरू होण्याची वेळ विचारावी, आणि ती वेळ अलीकडे सरकू लागली की बदल हाती घ्यावा. भारतात या तिसऱ्या भूमिकेला एक अडथळा आहे; हीच औषधे कंपवातासाठी कितीतरी मोठ्या मात्रेत दिली जातात, त्यामुळे प्रामिपेक्सोलची एक मिलिग्रॅमची गोळी लिहिताना किंवा देताना ती या विकारासाठी दुप्पट मर्यादेची आहे हे लक्षात येतेच असे नाही.

या वादात भूमिका कोणतीही घेतली तरी एक गोष्ट सर्वांना मान्य आहे : बदलाच्या काळातला त्रास एकजिनसी नसतो. जुने औषध शरीरातून जात असल्याचा त्रास वेगळा, नवे औषध येत असल्याचा वेगळा, मूळ आजाराचा आणि लोहाच्या कमतरतेचा वेगळा, आणि या त्रासांवर म्हणून घेतलेल्या तिसऱ्याच एखाद्या औषधाचा वेगळा. चारही त्रास रात्रीच जाणवतात, चारहींत झोप जाते, पण प्रत्येकाचा उपाय दुसऱ्याच्या उलट असू शकतो. रुग्णाला ‘नवे औषध सोसवत नाही’ असे वाटते तेव्हा निम्म्या वेळा तरी दोष नव्या औषधाचा नसावा, असे मानण्यास जागा आहे.

जुने औषध काढण्याच्या रीती

डोपामिन अ‍ॅगॉनिस्ट एकदम थांबवले की आजार उसळी घेतो. शेवटच्या मात्रेनंतरचे काही दिवस, क्वचित काही आठवडे, रुग्णाला रात्र-रात्र येरझाऱ्या घालाव्या लागतात. परंतु ही उसळी म्हणजे आजाराची नवी, कायमची पातळी नव्हे, आणि ती ओसरल्यावर मूळ आजार लक्षणवृद्धीच्या काळापेक्षा सौम्य असल्याचे बऱ्याच रुग्णांना आढळते. हे आधी सांगितले गेले नाही तर तिसऱ्या-चौथ्या रात्री रुग्ण जुनी गोळी पुन्हा घेतो, आणि ‘तिच्यावाचून चालतच नाही’ असा त्याचा ग्रह होतो. उसळीखेरीज काही रुग्णांत अ‍ॅगॉनिस्ट-विच्छेदाची लक्षणे दिसतात. २०१० मध्ये कंपवाताच्या रुग्णांत प्रथम वर्णिलेल्या या अवस्थेत चिंता, घबराट, खिन्नता, चिडचिड, घाम, थकवा आणि औषधाची ओढ असते, आणि गॅबापेंटिनने किंवा प्रिगॅबालिनने ती पुरती जात नाही. ज्यांना आवेगनियंत्रणाचा बिघाड झाला होता त्यांना तिचा धोका अधिक दिसतो, म्हणून बदल सुरू करण्याआधी पैशांच्या व्यवहारांची आणि वागणुकीची चौकशी घरच्यांसमक्ष नव्हे, तर रुग्णाकडे एकांतात व्हावी, हे उत्तम.

औषध काढण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. पहिलीत नवे औषध आधी सुरू करून त्याची परिणामकारक मात्रा गाठली जाते आणि मग जुने औषध लहान-लहान टप्प्यांनी, प्रत्येक टप्प्यात काही दिवस ते दोन आठवडे थांबत, उतरवले जाते. प्रामिपेक्सोलच्या बाबतीत हा टप्पा बहुधा एक अष्टमांश मिलिग्रॅमचा, म्हणजे सर्वांत लहान गोळीइतका असतो. दुसरीत जुने औषध काढून साधारण दहा दिवस औषधाविना ठेवले जाते, म्हणजे मूळ आजार किती आहे हे कळते आणि नव्या औषधाची निवड त्यावर ठरते. पहिली रीत सोसायला सोपी, पण दोन औषधांचे दुष्परिणाम काही काळ एकत्र येतात व कोणता कशाचा हे कळत नाही. दुसरी निदानाच्या दृष्टीने स्वच्छ, पण ते दहा दिवस नोकरी करणाऱ्या, गाडी चालवणाऱ्या किंवा एकट्याने राहणाऱ्या माणसाला झेपतीलच असे नाही. दोहोंची समोरासमोर तुलना करणाऱ्या भक्कम चाचण्या नसल्याने निवड अनुभवावर चालते. एक व्यावहारिक बाब मात्र निर्विवाद आहे : दीर्घकाळ झिरपणारी, म्हणजे एक्स्टेंडेड रिलीज प्रकारची गोळी अर्धी करता येत नाही, कारण मोडल्यावर तिचा झिरपण्याचा गुणच जातो, म्हणून अशा रुग्णाला आधी साध्या गोळीवर आणावे लागते. बदलाच्या या आठवड्यांत म्हैसूरहून पुण्या-मुंबईचा रात्रीचा बसप्रवास किंवा घरचे लग्नकार्य येणार नाही हे पाहणेही तितकेच उपयोगी.

अतिशय तीव्र उसळीसाठी पाश्चात्त्य देशांत अल्पमात्रेतील अफूजन्य औषधांचा आधार घेतला जातो. भारतात अंमली पदार्थांविषयीच्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मॉर्फिन, मेथाडोन, ऑक्सिकोडोन यांसारख्या औषधांची वैद्यकीय उपलब्धता सोपी करण्याचा प्रयत्न झाला, तरी वेदनाशमन केंद्रांबाहेर ती सहज मिळत नाहीत. सोयीने दिले जाते ते ट्रॅमाडोल, जे २०१८ पासून त्याच कायद्याखाली आले आहे; पण डोपामिनशी संबंध नसूनही लक्षणवृद्धी घडवल्याच्या नोंदी ज्याच्या नावावर आहेत असे हे औषध असल्याने, एक लक्षणवृद्धी मोडताना दुसरीची बीजे पेरण्याचा धोका येथे उरतोच.

नवे औषध अंगवळणी पडताना

गॅबापेंटिन व प्रिगॅबालिनचे नेहमीचे दुष्परिणाम म्हणजे गुंगी, चक्कर, तोल जाणे, डोके जड राहणे, पायांवर सूज आणि वजनवाढ. पहिले तीन-चार बहुतेकांत काही आठवड्यांत ओसरतात. सूज आणि वजन मात्र टिकून राहतात व मात्रेबरोबर वाढतात. मात्रा कमीपासून सुरू करावी, साठीपुढच्यांत त्याहूनही कमीपासून, आणि ती झोपण्याच्या वेळेआधी एक-दोन तास घ्यावी, हा सर्वसाधारण क्रम आहे. या दोन औषधांत एक महत्त्वाचा फरक आहे : गॅबापेंटिन आतड्यातून ठराविक मर्यादेपर्यंतच शोषले जाते, त्यामुळे एकाच वेळी घेतलेली मोठी मात्रा वाया जाते आणि ती विभागून द्यावी लागते, प्रिगॅबालिनचे शोषण मात्रेच्या प्रमाणात होते. अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमयुक्त आम्लपित्तशामक गॅबापेंटिनचे शोषण आणखी घटवते, म्हणून दोहोंत दोन तासांचे अंतर ठेवतात. ‘गोळी लागूच पडली नाही’ अशा तक्रारीमागे कधी कधी जेवणानंतर घेतलेला तो गुलाबी द्रवच असतो.

रोपिनिरोल यकृतात मोडले जाते, तर गॅबापेंटिन व प्रिगॅबालिन मूत्रपिंडावाटे जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडतात. म्हणजे रोपिनिरोलवरून या गटाकडे येताना भार एका अवयवावरून दुसऱ्यावर जातो. मधुमेह व रक्तदाब असलेल्या रुग्णाचे क्रिएटिनिन न पाहता मात्रा वाढवली, तर दिसणारी गुंगी ही सवयीने जाणारी गुंगी नसते, ती औषध साचल्याची असते. डायलिसिसवरील रुग्णांना या गटातले औषध अगदी अल्प मात्रेत आणि त्या दिवशी डायलिसिस झाल्यावर दिले जाते. घोरणाऱ्या, फुप्फुसांचा आजार असलेल्या किंवा मद्य अथवा अफूजन्य औषधे घेणाऱ्या रुग्णांत श्वसन मंदावण्याचा इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने २०१९ मध्ये दिला. मनःस्थितीकडेही लक्ष द्यावे लागते, कारण २०१४ च्या चाचणीत आत्महत्येचे विचार प्रिगॅबालिन गटात ६ जणांनी, तर प्रामिपेक्सोलच्या दोन गटांत ३ व २ जणांनी नोंदवले होते. आकडे लहान आहेत, पण ज्या काळात जागरण आणि अ‍ॅगॉनिस्ट-विच्छेदाची खिन्नता एकत्र येतात, त्या काळात ते नजरेआड करण्याजोगे नाहीत.

तिसऱ्या औषधाचा प्रश्न

पाश्चात्त्य आढाव्यांत ज्या विषयाला दोन ओळी मिळतात, तो भारतीय परिस्थितीत सर्वांत जास्त जागा मागणारा आहे. दुष्परिणामावर उपाय म्हणून दिलेले औषधच मूळ आजार भडकवते, असा प्रकार येथे वारंवार घडण्याची सोय आहे. अ‍ॅगॉनिस्टमुळे मळमळ झाली की मेटोक्लोप्रमाइड दिले जाते. ते मेंदूतील डोपामिनचा मार्ग अडवते आणि त्याच रात्री पाय चाळवतात. तुलनेने डोम्पेरिडोन मेंदूत फारसे शिरत नाही, आणि ऑन्डान्सेट्रॉनचा मार्गच वेगळा आहे. प्रिगॅबालिनने चक्कर आली की प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन लिहिले जाते. दोन्ही डोपामिनला विरोध करणारी. पित्तासाठी पॅन्टोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलबरोबर एकाच कॅप्सूलमध्ये मिळणारे लेव्होसल्पिराइड हे तर मूलतः मनोविकारांच्या औषधांच्या कुळातले आहे, आणि रुग्ण ते ‘गॅसची गोळी’ म्हणून महिनोन्महिने घेत असतो. सर्दी-पडशाच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असते. जुन्या पिढीची ही अ‍ॅलर्जीरोधके पाय अस्वस्थ करण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत, तर फेक्सोफेनाडिन मेंदूत अत्यल्प शिरत असल्याने त्या मानाने सुरक्षित समजले जाते.

याहून लपून राहणारा प्रकार संयुक्त गोळ्यांचा आहे. भारतात प्रिगॅबालिन व गॅबापेंटिन ही बहुधा मधुमेहातील नसांच्या दुखण्यासाठी विकली जातात आणि म्हणून त्यांच्या अनेक गोळ्यांत मिथाइलकोबालामिन, तर काहींत नॉरट्रिप्टिलिन मिसळलेले असते. यांतले पहिले जीवनसत्त्व निरुपद्रवी. दुसरे मात्र त्रिचक्रीय नैराश्यरोधक असून त्याच्या गटातील औषधांनी काही रुग्णांत हा विकार बळावतो. परिणामी अस्वस्थ पायांसाठी म्हणून सुरू केलेल्या गोळीच्या पोटातच त्याचा विरोधक बसलेला असतो. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, मिर्टाझापिन ही नैराश्याची औषधेही हाच त्रास देऊ शकतात, परंतु ती पायांसाठी म्हणून परस्पर बंद करणे हा वेगळाच अनर्थ ठरेल. बुप्रोपिऑन हे त्यांतले तटस्थ मानले जाते. आयुर्वेदिक बाजूने पाहता कवचबीज, म्हणजे खाजकुइलीच्या बिया, यांत लेव्होडोपाच असते. वाजीकर किंवा शक्तिवर्धक चूर्ण म्हणून ते घेणारा रुग्ण अ‍ॅगॉनिस्ट काढत असताना नकळत त्याच मार्गाला खतपाणी घालत असतो, आणि कागदावर ‘डोपामिन बंद’ असूनही लक्षणवृद्धी का थांबत नाही याचे कोडे डॉक्टरांना सुटत नाही. म्हणून बदलाआधी चिठ्ठ्यांची फाइल पाहण्यापेक्षा घरातली औषधांची पिशवीच मागवून पाहणे अधिक फलदायी, कारण चिठ्ठीवर नसलेल्या निम्म्या गोष्टी त्या पिशवीत असतात.

लोह, म्हैसूर आणि कॉफी

मेंदूतील लोहाची कमतरता हा या विकाराचा आज सर्वांत भक्कम मानला जाणारा पाया आहे. हिमोग्लोबिन ठीक असूनही मेंदूतील लोह कमी असू शकते, म्हणून औषध बदलण्याआधी फेरिटिन व ट्रान्सफेरिन संपृक्तता तपासली जाते; फेरिटिन दर मिलिलिटरला ७५ नॅनोग्रॅम किंवा त्याखाली अथवा संपृक्तता २० टक्क्यांखाली असल्यास लोह तोंडाने किंवा शिरेतून, आणि फेरिटिन ७५ ते १०० च्या दरम्यान असल्यास शिरेतून द्यावे, असे सध्याचे मत आहे. येथे अहवाल वाचण्यात गफलत होते : अनेक प्रयोगशाळांच्या छापील मर्यादेत स्त्रियांचे फेरिटिन दहा-पंधराच्या पुढे गेले की ‘सामान्य’ ठरते, त्यामुळे तीसचा आकडा ठळक अक्षरांत येत नाही आणि रुग्णाला ‘लोह व्यवस्थित आहे’ असे सांगितले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांतील रक्तक्षयाचे प्रमाण महाराष्ट्रात ५४.२ व कर्नाटकात ४७.८ टक्के नोंदले गेले. अशा प्रदेशांत लोहाची चौकशी न करता अ‍ॅगॉनिस्टकडून प्रिगॅबालिनकडे जाणे म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून भांडी बदलणे होय. तोंडाने घेतलेल्या लोहाचे दुष्परिणाम, म्हणजे मळमळ, बद्धकोष्ठ व काळा शौच, एक दिवसाआड घेतल्याने कमी होऊ शकतात आणि शोषणही बिघडत नाही, कारण रोजच्या मात्रेने वाढणारे हेप्सिडिन हे संप्रेरक पुढच्या मात्रेचे शोषण रोखते. शिरेतून दिलेल्या फेरिक कार्बोक्सिमाल्टोजचा गुण दिसायला चार ते बारा आठवडे लागतात, म्हणून ते जुने औषध उतरवू लागण्याच्या आधी देणे सोयीचे. रक्तातील फॉस्फेट घटणे हा त्याचा ध्यानात ठेवण्याजोगा दुष्परिणाम आहे.

आहाराच्या बाबतीत म्हैसूरला सांगण्यासारखे काही आहे. चेलुवांबा हवेलीत १९५० मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी २०१० मध्ये दाखवले की, धान्य व कडधान्याबरोबर कांदा आणि लसूण असल्यास त्यांतील लोह व जस्त शोषणासाठी अधिक उपलब्ध होते. प्रयोग पचनाची नक्कल करणाऱ्या प्रयोगशाळेतील पद्धतीने झाला असल्याने त्यावरून गोळीची जागा फोडणी घेईल असा अर्थ काढता येत नाही, पण नाचणीच्या मुद्द्याबरोबर, म्हणजे शिजवलेल्या गोळ्याबरोबर, कांदा-लसूण घातलेले सोप्पिन सारू, म्हणजे पालेभाजीचे सार, खाणाऱ्या घराला आपली रीत मोडण्याचे कारण नाही एवढे त्यावरून कळते. नाचणीतील फायटेट व टॅनिन लोह अडवतात. मोड आणून दळल्यास फायटेट कमी होते. फिल्टर कॉफीचा प्रश्न दुहेरी आहे. १९८३ च्या एका अभ्यासात जेवणाबरोबरच्या कॉफीने लोहाचे शोषण ३९ टक्के आणि चहाने ६४ टक्के घटले. जेवणाआधी तासभर घेतलेल्या कॉफीने ते घटले नाही, जेवणानंतर तासाभराने घेतलेल्या कॉफीने मात्र तेवढेच घटले. शिवाय कॅफिनने काहींची लक्षणे वाढतात. तरीही अ‍ॅगॉनिस्ट उतरवण्याच्या आठवड्यातच कॉफी एकदम सोडणे शहाणपणाचे नाही, कारण तिच्या सुटण्याने येणारी डोकेदुखी व मरगळ नव्या औषधाच्या माथी मारली जाते.

औषधांखेरीजचे उपाय

पोटऱ्यांना मालीश, गरम पाण्यात पाय बुडवणे, पिंडऱ्या घट्ट बांधणे, बैठ्या वेळी मन गुंतेल असे काम करणे, हे उपाय तात्पुरता आराम देतात आणि उसळीच्या रात्री त्यांचेच मोल जास्त असते. नियमित चालणे व पायांचा व्यायाम यांचा उपयोग बारा आठवड्यांच्या एका लहान चाचणीत दिसला आहे. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात कृष्णमाचार्यांकडे शिकून १९३७ मध्ये पुण्यास आलेल्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीची योगासने अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या किम इनेस यांनी या रुग्णांवर आठ आठवडे वापरून पाहिली आणि लक्षणे, झोप व मनःस्थिती सुधारल्याचे नोंदवले. चाचणी लहान, रुग्ण सर्व स्त्रिया आणि तुलनेचा गट नाही. त्यामुळे तिला आश्वासक म्हणावे, निर्णायक नव्हे. पायाच्या नसेला बाहेरून विद्युत-उद्दीपन देणारे उपकरण अमेरिकेत २०२३ मध्ये संमत झाले असून २०२५ च्या तत्त्वांत त्याला सशर्त स्थान आहे.

अनिर्णित राहिलेले

सर्वांत मोठी उणीव पुराव्याच्या जातीतच आहे. मार्गदर्शक तत्त्वे ज्या चाचण्यांवर उभी आहेत, त्यांत बहुतेक रुग्ण औषध नव्याने सुरू करणारे होते. अनेक वर्षे अ‍ॅगॉनिस्ट घेतलेल्या, लक्षणवृद्धीने पोळलेल्या रुग्णात गॅबापेंटिन वा प्रिगॅबालिन तितकेच लागू पडते का, याचे उत्तर त्यांतून मिळत नाही. पडत नाही असा बऱ्याच चिकित्सकांचा अनुभव आहे. पण डोपामिनचे ग्राहक पूर्वस्थितीला यायला किती महिने लागतात, आणि नवे औषध अपयशी ठरले असे म्हणण्याआधी किती वाट पाहावी, यावर मतभेद आहेत. अ‍ॅगॉनिस्ट-विच्छेदाचे वर्णन कंपवातातून उसने घेतलेले आहे, आणि या विकारात, जेथे मात्रा कितीतरी लहान असते, तेथे त्याचे प्रमाण नेमके किती हे ठरलेले नाही. डायपिरिडामोल हे रक्त पातळ ठेवणारे जुने, स्वस्त औषध अ‍ॅडिनोसिनच्या मार्गाने उपयोगी पडते असे २०२१ मध्ये २८ रुग्णांच्या दोन-दोन आठवड्यांच्या चाचणीत दिसले; भारतासारख्या देशाला ते आकर्षक आहे, परंतु एवढ्याशा पुराव्यावर त्याला बदलाच्या काळातील आधार मानणे घाईचे होईल.

लोहाच्या मर्यादांविषयीही प्रश्न आहे. फेरिटिन हे जंतुसंसर्गात व दाहात वाढते, त्यामुळे जुनाट संसर्ग वा संधिवात असलेल्या रुग्णात शंभरचा आकडाही कमतरता झाकू शकतो, आणि युरोप-अमेरिकेतील रुग्णांवरून ठरलेली ७५ ची रेषा येथे तशीच लागू करावी की संपृक्ततेवर अधिक भर द्यावा, हे भारतीय रुग्णांवरील अभ्यासांनीच ठरेल. आणि व्यवस्थेचा प्रश्न यांहून कठीण आहे. म्हैसूरात के. आर. रुग्णालय व जे. एस. एस. रुग्णालय ही मोठी शिक्षण-रुग्णालये आहेत, सुमारे दीडशे किलोमीटरवर बंगळुरूचे निम्हान्स आहे. पण औषधाचा बदल दर आठवड्याला निर्णय मागतो आणि तज्ज्ञाची भेट महिन्या-दोन महिन्यांनी होते. मधल्या आठवड्यांत निर्णय घेतो तो गल्लीतला डॉक्टर, औषधविक्रेता किंवा रुग्ण स्वतः. टप्प्यांचा लेखी तक्ता, टाळावयाच्या औषधांची यादी आणि कोणत्या लक्षणासाठी थांबायचे नाही याची सूचना पहिल्याच भेटीत हाती देण्याने फरक पडावा, असे बहुतेक चिकित्सक मानतात. तो किती पडतो, हे मोजण्याचे काम बाकी आहे.